पाध्यांचा मागचा जिना

रमाकांत पाध्यांवर परळच्या त्या धर्मादाय रुग्णालयात कोणाचाही राग नव्हता. एकतीस वर्षांच्या नोकरीत माणूस घर घेतो, गाडी घेतो, निदान दोन-चार शत्रू तरी कमावतो. पाध्यांनी यातलं काहीच केलं नाही. गिरगावातल्या चाळीतल्या दोन खोल्या वडिलांनी मागे ठेवल्या होत्या, त्या पुरल्या. बाकीचं आयुष्य त्यांनी लोकांना हो म्हणण्यात घालवलं. ते कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते. विभागात दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे त्यांच्या प्रमुखपदाला कोणी हरकत घेत नसे.

टापटीप हे त्यांचं दुसरं भांडवल. रुग्णालयातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर त्यांनी प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला एक कागद चिकटवला होता: ‘दर गुरुवारी सकाळी ८ वाजता यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे. र. वि. पाध्ये.’ यंत्रालाही आठवड्यातून एकदा आंघोळ लागते, असं ते म्हणत. लोक हसत, पण बंद करून चालू करत. अपवाद कॅज्युअल्टीचा. तिथल्या सिस्टर म्हणत, “काका, इथे माणसं बंद पडतायत, तुमचं यंत्र कुठे बंद करू?” पाध्ये यावरही हो म्हणत.

दोन वर्षांपूर्वी ट्रस्टच्या मंडळींना कोणीतरी घाबरवलं, की रुग्णांची माहिती चोरीला जाते. मग एका कंपनीचं सॉफ्टवेअर प्रत्येक कॉम्प्युटरवर बसलं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी निळी ढाल दिसायची. स्टाफने तिचं नाव ठेवलं ‘पहारेकरी’. हा पहारेकरी यंत्रातल्या सगळ्यांच्या वरचा. कोणी काय उघडायचं, काय बसवायचं, कोणाला कशाला हात लावता येईल, सगळं तो ठरवणार. कारकुनांचे अधिकार गेले, त्याचं कोणाला काही वाटलं नाही. पण पाध्यांचेही गेले. साधा प्रिंटर जोडायचा तर कंपनीकडे अर्ज करायचा, आणि मंजुरीला तीन दिवस. रक्ताच्या नमुन्यांची लेबलं छापणारा प्रिंटर रुसला की तीन दिवस सिस्टर हाताने नावं लिहीत बसायच्या. मृत्यूच्या दाखल्यासाठी मराठी टायपिंग हवं, तरी तीन दिवस. मेलेला माणूस थांबतो. त्याचे नातेवाईक थांबत नाहीत.

एका दुपारी तोच लेबलांचा प्रिंटर पुढ्यात घेऊन बसले असताना पाध्यांच्या लक्षात आलं, की पहारेकऱ्यालाही अधूनमधून दुरुस्ती लागते, आणि ती कोणीही साधा कारकून एक बटण दाबून सुरू करू शकतो. दुरुस्ती चालू असताना क्षणभर पडद्यावर एक खिडकी उघडते. ती खिडकी बटण दाबणाऱ्याची नसते, पहारेकऱ्याची असते. तिला अचूक वेळी अडवून धरलं की पुढे जे कराल ते पहारेकऱ्याच्या अधिकाराने होतं, आणि नोंदीत कोणा माणसाचं नाव पडत नाही. नुसतं ‘सिस्टिम’ असं पडतं. राखणदाराने बुटाची नाडी बांधायला वाकावं आणि किल्ल्यांचा जुडगा शेजारच्या कठड्यावर ठेवावा, तसला प्रकार.

पाच मिनिटांत प्रिंटर सुरू झाला. सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी खरवस पाठवला.

गिरगावातल्या चाळींना मागच्या बाजूने एक लोखंडी जिना असतो. तो सफाईवाल्यासाठी म्हणून बांधलेला; पण भाडेकरूंच्या मीटिंगमधून सटकायचं असेल, किंवा पुढच्या गॅलरीत कोणी नको असलेलं माणूस बसलं असेल, तर अख्खी चाळ तोच वापरते. पाध्यांनी या सोयीलाही तेच नाव दिलं. महिन्याभरात रुग्णालयात ‘काकांचा मागचा जिना’ ठाऊक असलेली सहा माणसं झाली. एकेकाला पाध्यांनी स्वतः शेजारी बसवून शिकवलं, कारण प्रत्येक वेळी तळमजल्यावरून चौथ्या मजल्यावर धावायचं त्यांच्या गुडघ्यांना जमेना. शिकवताना ते बजावायचे, “फक्त प्रिंटर आणि फॉन्ट. दुसरं काही नाही.” माणूस मान हलवायचा. पाध्यांच्या लेखी हलवलेली मान म्हणजे सहीशिक्का.

कंपनीला कळवायला हवं, हे त्यांना समजत नव्हतं असं नाही. त्यांनी इंग्रजीत मेल लिहायला घेतली. तीन परिच्छेद झाले. पण पाठवली असती तर जिना बंद झाला असता, आणि पुन्हा प्रत्येक गोष्टीला तीन दिवस. शिवाय ‘रिस्पेक्टेड सर’ लिहावं की ‘डिअर सर’ हे ठरत नव्हतं. मेल ड्राफ्टमध्ये राहिली. पंधरा-वीस दिवसांनी ते ती उघडत, एखादा स्वल्पविराम हलवत, एखादं वाक्य जास्त सभ्य करत आणि पुन्हा ठेवून देत. दोन वर्षांत ती मेल इतकी शुद्ध झाली होती, की शाळेत शिकवावी.

जिना शिकलेल्या सहाजणांतले दोघे या गोष्टीत येतात. एक श्रेया लाड, डायलिसिस विभागाच्या नोंदणीच्या खिडकीवर बसणारी. लालबागची मुलगी, चाळ बिल्डरकडे गेली आणि घरातली चारही माणसं शीव कोळीवाड्यात भाड्याने राहायला गेली. सात वर्षं कंत्राटावर काम करत होती, आणि या दिवाळीनंतर तिला कायम करायचं ठरत आलं होतं. वडील घरी बसून, भाऊ शिकतोय, त्यामुळे ‘कायम’ हा शब्द त्या घरात देवाच्या नावासारखा हळू आवाजात घेतला जाई. दुसरा बिलिंगचा अवधूत करंदीकर. दादरचा, गोरागोमटा, कोणाच्याही वाढदिवसाला केक आणणारा. केक आणणाऱ्या माणसाची चौकशी कोणी करत नाही.

डायलिसिसच्या धर्मादाय जागा मोजून नऊ. त्यासाठी प्रतीक्षायादी होती, ती कॉम्प्युटरवर. खिडकीवरच्या मुलीने नवं नाव तळाला घालायचं, एवढाच तिचा अधिकार. नाव वर सरकतं ते आपोआप, वरची जागा रिकामी झाली की. जागा कशा रिकाम्या होतात याची चर्चा यादीतली माणसं करत नाहीत.

यादीत दोन नंबरला दत्ताराम परब होते. गिरणी बंद पडल्यावर एका शाळेत शिपाई म्हणून राहिलेले, आता पाय सुजलेले, धाप लागणारे. त्यांची बायको जाईबाई दर सोमवारी खिडकीशी येई, नंबर विचारी आणि पिशवीतून कॅलेंडरचं जुनं पान काढून त्याच्या मागे तारीख आणि नंबर लिहून घेई. अकरा, नऊ, सात, चार, दोन. शाळा दुसरीपर्यंत, पण आकडे बँकेत शोभतील असे.

त्या सोमवारी श्रेयाने पडद्याकडे पाहून सांगितलं, “आजी, तीन.”

जाईबाईंनी पान काढलं, चष्मा लावला, बोट ठेवलं. “बाय, गेल्या सोमवारी दोन होतो. माणूस लायनीत फुडे जाता. हो मागे कसो ईलो?”

“कॉम्प्युटरमध्ये तीनच दिसतंय, आजी.”

“कॉम्पुटराक दिसता ता तुका दिसता. माका ह्या दिसता.” आणि त्यांनी पान काचेला लावून धरलं.

श्रेयाच्या जागी दुसरी कोणी असती तर ‘पुढचे’ म्हणाली असती. श्रेयाने पान वाचलं, यादी पुन्हा पाहिली. दोन नंबरला कोंडीराम भानजी नावाचे कोणी गृहस्थ होते, आणि तिच्या आठवणीप्रमाणे हे नाव तिने दोन महिन्यांपूर्वी स्वतः तळाला घातलं होतं. तिने तिथल्या तिथे जाईबाईंच्या नावाने अर्ज लिहिला, त्यांची सही घेतली आणि वर ऑफिसात दिला. अर्ज आठ दिवस एका फाईलमध्ये विसावला. त्या आठ दिवसांत दोन जागा रिकाम्या झाल्या. एक नंबरला पहिली मिळाली, कोंडीराम भानजींना दुसरी. त्यानंतरच्या बुधवारी दत्ताराम परब सकाळचा चहा घेता घेता गेले.

मग मात्र ऑफिसला जाग आली, कारण परबांच्या लालबागच्या मंडळाचे पंधराजण कॅलेंडरच्या पानाची झेरॉक्स घेऊन गेटवर आले. ट्रस्टचे सचिव गंगाधर रेगे यांनी चौकशी समिती नेमली. समितीत ते स्वतः आणि एक डॉक्टर. रेगे सत्तरीचे, पांढऱ्या शर्टाचे, कोणावर आवाज न चढवणारे. कंपनीचा माणूस अंधेरीहून येऊन नोंदी काढून गेला. त्यात निघालं ते असं: तीन तारखेला, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी, श्रेया लाडच्या कॉम्प्युटरवरून यादीत बदल झाला. कोणी केला, तर ‘सिस्टिम’ने.

“पहारेकऱ्यात दोष आहे का?” रेग्यांनी विचारलं.

“आमच्याकडे तशी नोंद नाही,” कंपनीचा माणूस म्हणाला. त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. नोंद पाध्यांच्या ड्राफ्टमध्ये होती.

श्रेयाने सांगितलं ते पहिल्यापासून एकच: “मी जेवायला गेले होते. अवधूतला एक प्रिंट काढायची होती, म्हणून मशीन उघडं ठेवलं.” काका अडकतील म्हणून मागच्या जिन्याबद्दल ती काही बोलली नाही. अवधूत म्हणाला, तो त्या दिवशी तिकडे फिरकलाच नाही. कॅमेऱ्याचं चित्रण आठवडाभरच राहतं, आणि अर्ज फाईलमध्ये विसावला असताना ते पुसलं गेलं होतं. उरलं काय, तर कोंडीराम भानजी शीव कोळीवाड्यात राहतात आणि श्रेयाही शीव कोळीवाड्यात राहते. समितीला एवढं नातं पुरलं. श्रेयाला घरी बसवलं. पुढच्या गुरुवारी शेवटची सुनावणी, मग निकाल.

पाध्यांना खरं काय ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. सगळे प्रिंटर त्यांच्या देखरेखीखाली. कोण काय छापतं ते त्यांच्या पडद्यावर उमटतं. मागच्या महिन्यात अवधूतने ऑफिसच्या प्रिंटरवर लग्नपत्रिकेचा नमुना छापला होता. ‘चि. सौ. कां. आकांक्षा, श्री. कोंडीराम भानजी यांची ज्येष्ठ कन्या.’ पाध्यांनी तेव्हा मनातल्या मनात अभिनंदनही केलं होतं.

त्यांनी अवधूतला गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर गाठलं. अवधूतने नाकबूल वगैरे केलं नाही. त्याने दोन कटिंग सांगितले.

“म्हातारा मरत होता, काका. आकांक्षा रोज फोनवर रडत होती. यादीतला दोन नंबर माझ्या ओळखीचा नव्हता.”

“आता आहे.”

अवधूत ग्लासात बघत राहिला. “मला रात्री झोप लागत नाही, खरं सांगतो.”

“झोप न लागून श्रेयाचं काय होणार आहे? वर जाऊन सांग.”

“सांगतो. पण पहिलंच वाक्य काय असेल, तुम्हीच बघा. ‘मला हे पाध्येकाकांनी शिकवलं.’ मग ते विचारणार, पाध्येंना केव्हापासून ठाऊक? मग मी सांगणार, दोन वर्षं.” त्याने पाध्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मुलाने बापाच्या ठेवावा तसा. “मी तुमचं नाव घेणार नाही, काका. तुम्ही माझं घेऊ नका. श्रेया हुशार आहे, तिला कुठेही मिळेल.”

पाध्यांनी चहाचे पैसे द्यायला हात खिशात घातला. अवधूतने आधीच दिले होते.

पुढचे नऊ दिवस पाध्यांनी काय केलं? रोज आले, रोज गेले. टेबल पुसलं. वायरींना नव्या पट्ट्या बांधल्या. निवृत्तीला अकरा महिने होते, आणि निरोपसमारंभात कोण काय बोलेल याची एक यादी त्यांच्या मनात केव्हापासून तयार होती; ती आता ते रोज खोडत होते आणि रोज पुन्हा लिहीत होते. या नऊही दिवसांत जिना जागच्या जागी होता. कोणत्याही दिवशी वर जाऊन रेग्यांना शेजारी बसवून दाखवलं असतं, तर दोन मिनिटांत काम झालं असतं.

आठव्या दिवशी श्रेयाचा फोन आला. “काका, तुम्हाला माहितीये ना मी नाही केलं?”

“माहितीये, बाळ.”

“मग तुम्ही सांगाल ना, की असं करता येतं? बाकी काही नको. फक्त करता येतं एवढं.”

पाध्ये हो म्हणाले. आयुष्यभराच्या सवयीने म्हणाले, पण फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की या वेळी ते खरंच सांगणार आहेत. त्यांना हलकं वाटलं. घरी जाऊन त्यांनी पांढरा शर्ट इस्त्री केला.

गुरुवारी ते साडेसातलाच आले. सुनावणी अकराला. पुराव्यात कुठे गचाळपणा राहू नये म्हणून त्यांनी आधी ड्राफ्ट उघडला. समितीसमोर ठेवायची मेल, तेव्हा एकदा नजर फिरवावी. ‘रिस्पेक्टेड सर’ त्यांना आता फार जुनाट वाटलं. त्यांनी ‘डिअर सर’ केलं, जपून ठेवलं, आणि दोन वर्षांचं घोडं गंगेत न्हाल्याचं समाधान वाटून घेतलं. मग आठ वाजले. सगळ्यांसमोर यंत्र मध्येच अडकायला नको, म्हणून त्यांनी आपल्या हाताने रेग्यांच्या खोलीतला कॉम्प्युटर बंद करून चालू केला. इतर मजल्यांवरही, कागदावर लिहिल्याप्रमाणे, लोकांनी आपापली यंत्रं बंद करून चालू केली. निळी ढाल सगळीकडे क्षणभर करडी झाली आणि पुन्हा निळी झाली.

अकरा वाजता खोलीत रेगे होते, डॉक्टर होते, भिंतीशी खुर्चीच्या कडेवर श्रेया होती. मांडीवर तिने एक प्लॅस्टिकची फाईल घट्ट धरली होती. बहुधा त्यात सात वर्षांची प्रशस्तिपत्रकं असावीत.

पाध्यांनी सगळं सांगितलं. दोन वर्षं ठाऊक आहे, मी शोधलं, मी शिकवलं, सहाजणांना. यादी बदलताना नाव ‘सिस्टिम’ का पडलं, तेही सांगितलं. एकतीस वर्षांत इतकं सलग ते कधी बोलले नव्हते. रेगे शांतपणे ऐकत होते.

“दाखवा,” रेगे म्हणाले.

पाध्यांनी बटण दाबलं. दुरुस्ती सुरू झाली, चालली, संपली. खिडकी उघडली नाही.

पुन्हा दाबलं. खिडकी नाही. पाध्यांनी खाली कोपऱ्यात पाहिलं. ढालीशेजारच्या आवृत्तीच्या आकड्यात शेवटचा अंक बदलला होता. कंपनीने आदल्या दिवशी नवी आवृत्ती पाठवली होती, आणि ती सकाळी आठला, यंत्र बंद होऊन चालू होताना, बसली होती. कंपनीने कोणाला काही कळवलं नाही. भोक बुजवलं म्हणजे ते होतं, हे कोणती कंपनी आपणहून सांगेल?

“आज... आज नवीन आलंय. दुसऱ्या मशीनवर असेल,” पाध्ये म्हणाले. “कॅज्युअल्टीत. तिथलं कधी बंद करत नाहीत.”

मग ती वरात निघाली. पुढे पाध्ये, मागे रेगे, त्यांच्या मागे डॉक्टर आणि श्रेया. कॅज्युअल्टीत नव्या सिस्टर होत्या, दोन आठवड्यांपूर्वी आलेल्या. पाध्ये खुर्चीत बसायच्या आधीच त्या हसून म्हणाल्या, “काका, तुमचा कागद वाचला हं. आज बरोबर आठला बंद करून चालू केलं. बाकीच्या म्हणाल्या कोणी करत नाही, मी म्हटलं नियम म्हणजे नियम.”

पाध्यांनी त्यांना शाबास म्हटलं. काय बोलतोय हे त्यांना कळत नव्हतं. आवृत्तीचा आकडा तोच होता. तरीही त्यांनी बटण तीनदा दाबलं.

परत खोलीत आल्यावर त्यांना मेल आठवली. “माझ्याकडे लेखी आहे, साहेब. दोन वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. पाठवलं नाही, पण लिहिलं होतं.” त्यांनी ड्राफ्ट उघडला. रेग्यांनी चष्मा वर करून पाहिलं. मेलच्या डोक्यावर, शेवटचा बदल: आजची तारीख, सकाळी सात बावन्न.

“ही आज लिहिलीत, पाध्ये?”

“नाही, साहेब. आज फक्त ‘डिअर’ केलं.”

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. रेग्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दया होती. “तुमचा जीव मऊ आहे, हे मला ठाऊक आहे. पोरीला वाचवायला निघालात. पण समितीला कागद लागतो. त्या बाईंनी कॅलेंडरचं पान आणलं, त्यावर प्रत्येक तारखेची शाई वेगळी होती. मी मानलं ना?”

“अवधूत करंदीकरला बोलवा,” पाध्ये म्हणाले. “भानजी त्याचे होणारे सासरे. जिना त्याला ठाऊक आहे. सहाजणांना ठाऊक आहे, सगळ्यांना बोलवा.”

बोलावलं. एकेक जण आला, दाराशी उभा राहिला. ज्यांनी खरवस पाठवला होता त्या सिस्टर आल्या. पॅथॉलॉजीचा आला, रेकॉर्डवाली आली. प्रत्येकाने पाध्यांकडे प्रेमाने पाहिलं आणि विचारलं, “कसला जिना?” अवधूत शेवटी आला. “हो, भानजी माझे होणारे सासरे. म्हणूनच मी त्या यादीच्या आसपास जात नाही, साहेब. काका आम्हाला प्रिंटर लावून देतात, एवढं मला माहितीये. फार मदत करतात.” आवाज जराही कापला नाही. जाताना दार त्याने हळू लावलं.

तेवढ्यात श्रेया उभी राहिली.

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “काका खरं सांगतायत. असा जिना होता. मला काकांनीच शिकवला. मराठी फॉन्टसाठी मी चार-पाच वेळा वापरलाय.”

पाध्यांना तिला खाली बसवावंसं वाटलं. पण तिचा चेहरा उजळला होता. आपण साक्ष देऊन काकांना खोटं पडण्यापासून वाचवलं, असं तिला वाटत होतं.

रेग्यांनी पेन टेबलावर ठेवलं. “बस, बेटा.” मग ते पाध्यांकडे वळले, आणि शाळामास्तर फळ्यावर गणित सोडवून दाखवतो तशा सुरात बोलले. “बघा, पाध्ये. जिना नव्हताच असं मानलं, तर करंदीकर वर चढलाच कसा? तेव्हा त्याला सोडा. जिना होता असं मानलं, तर तो ठाऊक असल्याचं, वापरल्याचं कबूल करणारं माणूस, तुम्ही सोडलात तर, या इमारतीत एकच आहे. मशीन तिचं, वेळ तिची, वस्ती तिची. आता मी काय लिहू, तुम्हीच सांगा.”

श्रेया एकदा रेग्यांकडे, एकदा पाध्यांकडे पाहत होती. हिशोब तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आला तेव्हा तिने मांडीवरची फाईल उचलून छातीशी धरली.

“तुमच्यावर काही नाही,” रेगे पाध्यांना म्हणाले. “वय झालं, अकरा महिने राहिलेत. एक समजपत्र देऊ, तेही फाईलला लावणार नाही.”

सगळ्या सुनावणीत पाध्यांना सहन झालं नाही ते हे एवढं. त्यांनी साहेब म्हणून हाक मारली, पण रेगे पुढचा कागद वाचू लागले होते.

आपल्या खोलीत येऊन पाध्यांनी ड्राफ्ट उघडला आणि काहीही न बदलता मेल पाठवून दिली. उत्तर लगेच आलं. ‘आपण नोंदवलेला दोष चालू आवृत्तीत आढळत नाही. तक्रार बंद करण्यात येत आहे.’ त्यांनी विचारलं, आधीच्या आवृत्तीत होता का, तेवढं लिहून द्या. इथे एका मुलीची नोकरी जाते आहे. त्यालाही उत्तर आलं. मागील आवृत्त्यांविषयी माहिती देण्याची तरतूद नाही.

तीनच्या सुमारास श्रेया ओळखपत्र परत करायला खाली आली. ते पाध्यांकडेच जमा करायचं असतं; कार्डावरचं नाव यंत्रातून काढायचं कामही त्यांचंच. तिने दोरी नीट गुंडाळून कार्ड टेबलावर ठेवलं. रडून झालं होतं.

“जाईबाई खाली गेटवर भेटल्या,” ती म्हणाली. “मला म्हणाल्या, तू असा करशीत वाटला नव्हता.”

“मी बोलतो त्यांच्याशी.”

“नको, काका.” ती दाराकडे वळली, मग थांबली. “तुमची ती मेल. शेवटी पाठवली?”

“पाठवली. आत्ताच.”

“काही उत्तर आलं?”

“आलं.”

“किती वेळात?”

पाध्ये खोटं बोलू शकले असते. तिला कुठे पडताळून पाहता येणार होतं? “चार मिनिटांत,” ते म्हणाले.

श्रेयाने मान हलवली, फॉन्ट बसवायला शिकली त्या दिवशी हलवली होती तशीच, आणि निघून गेली. पाध्यांनी यंत्रातून तिचं नाव काढायला घेतलं. ते काढायचा अधिकार त्यांना होता का, हे पाहावं लागलं. नव्हता. अर्ज करावा लागणार होता.

फोन वाजला. कॅज्युअल्टीतल्या त्या नव्या सिस्टर. “काका, लेबलांचा प्रिंटर पुन्हा गेलाय. इथे दोघांचं रक्त काढून ठेवलंय, नावं कशी लावू? सगळ्या म्हणतायत तुम्ही पाच मिनिटांत करता.”

“हाताने लिहा,” पाध्ये म्हणाले. “तीन दिवस लागतील.”